सफरचंदाच्या वासाचा रानगुलाब

प्रश्न : बहिणीने परदेशातून आणलेल्या, चेहऱ्याला लावण्याच्या तेलाच्या बाटलीवर ‘रोझा मॉस्केटा’ असे लिहिले आहे. हे तेल ‘स्वीट ब्रायर’ या रानगुलाबापासून काढतात आणि त्याची पानेसुद्धा सुगंधी असतात, असे समजले. हे झुडूप कसे असते, त्याचे आणखी काय उपयोग आहेत, त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो का आणि आमच्या गॅलरीत ते कुंडीत वाढेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. या गुलाबाचे शास्त्रीय नाव रोझा रुबिजिनोसा. तो मूळचा युरोप आणि पश्चिम आशियातील असून झुडूप दोन ते तीन मीटर उंच होते, फांद्यांवर आकड्यासारखे वाकलेले काटे दाट असतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस पाच पाकळ्यांची, मध्याकडे पांढरट होत गेलेली गुलाबी फुले येतात. फुलांना वास आहे, पण या झाडाची ख्याती पानांमुळे आहे. पानांच्या खालच्या बाजूस बारीक, चिकट ग्रंथी असतात. पान चुरडले किंवा पावसात भिजले की त्यांतून सफरचंदासारखा वास सुटतो. कोवळ्या पानांत तो अधिक असतो, म्हणून ज्यांनी याचे कुंपण केलेले असते ते नियमित छाटणी करून नवी फूट येऊ देतात.

आपल्या बाटलीतील तेल मात्र ना पानांचे, ना फुलांचे. ते फळांतील बियांचे आहे. युरोपीय वसाहतींबरोबर हे झुडूप दक्षिण अमेरिकेत पोचले आणि चिली व अर्जेंटिनाच्या थंड प्रदेशांत इतके माजले की आता तेथे रानात फळे गोळा करून बियांचे तेल काढले जाते. (ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये याच झुडपाने कुरणे व्यापली असून तेथे ते उपद्रवी तण समजले जाते.) या तेलाला गुलाबाचा सुगंध नसतो. अत्तराचे गुलाबतेल दमास्क गुलाबाच्या पाकळ्यांपासून ऊर्ध्वपातनाने मिळते आणि त्याच्या एका किलोसाठी साधारण तीन ते चार हजार किलो फुले लागतात. तेव्हा ‘गुलाबाचे तेल’ एवढेच सांगून कोणी बियांचे तेल अत्तराच्या भावाने देऊ लागला, तर ते घेऊ नये. बियांच्या तेलात लिनोलेइक व लिनोलेनिक ही मेदाम्ले भरपूर असल्याने ते कोरड्या त्वचेला मऊपणा देते, पण त्याच कारणाने मुंबईच्या उकाड्यात लवकर खवटही होते. म्हणून गडद रंगाची बाटली घ्यावी, ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि आधी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून पाहावे. व्रण आणि सुरकुत्या नाहीशा होतील या जाहिरातींवर फार भिस्त ठेवू नये.

उपयोगांत सर्वांत मोलाचे आहे ते फळ. रानगुलाबांच्या लाल फळांत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असते : १०० ग्रॅम संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर या फळांत जातीनुसार काहीशे मिलिग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्र्यांची आयात अडली, तेव्हा १९४१पासून सरकारी पुढाकाराने गावोगाव शाळकरी मुलांकडून रानगुलाबांची फळे वेचून घेतली गेली आणि त्यांचे सरबत लहान मुलांना देण्यात आले. स्वीडनमध्ये आजही या फळांचे गोडसर सूप आवडीने खातात. तथापि, केवळ ‘क’ जीवनसत्त्वासाठी महागडी परदेशी पूड मागवण्याचे कारण मला दिसत नाही. मंडईतला आवळा ते काम उत्तम करतो.

गुलकंद पाकळ्यांचा होतो, आणि त्यासाठी भरगच्च पाकळ्यांचा, दरवळणारा गुलाब हवा. पाच पाकळ्यांच्या फुलांतून बरणीचा तळही झाकला जाणार नाही.

राहिला लागवडीचा प्रश्न. या झुडपाला हिवाळ्यातील खरी थंडी लागते. त्याच्या बियाही काही महिने थंडाव्यात राहिल्याखेरीज नीट रुजत नाहीत. मुलुंडला डोंगरामुळे पहाटे थोडा गारवा असला, तरी त्याने भागणार नाही. परदेशातून बी किंवा कलम मागवायचे, तर २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात घ्यावे. उष्ण हवेत तगणारा रानगुलाब आपल्याकडेही आहे : पांढऱ्या फुलांचा रोझा क्लायनोफिला बंगाल-बिहारकडे पाणथळ जागी वाढतो, आणि कोडाईकनालचे गुलाबतज्ज्ञ एम. एस. वीरराघवन यांनी त्याच्यापासून संकरित वाणही तयार केले आहेत. मात्र नर्सरीत तो सहसा मिळत नाही. गॅलरीत निदान पाच-सहा तास ऊन येत असेल, तर सुवासिक गावठी गुलाब लावावा. त्याचा गुलकंदही होतो.

प्रश्न : आमच्या कुंडीतील गावठी गुलाबाला पाकळ्या गळल्यावर बोराएवढे फळ धरले आहे. त्याचा चहा करता येईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : गुलाबाचे फळ विषारी नसते, पण झाडावर कीटकनाशक फवारले असेल, तर ते खाऊ नये; नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपालाही हेच लागू. फळ पूर्ण रंगून किंचित मऊ झाल्यावर काढावे, उभे चिरावे आणि आतील बियांबरोबर असलेले केस चमच्याने खरवडून टाकावेत, कारण त्यांनी घसा आणि आतडी खाजतात. उरलेली साल गरम पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवावी व पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. चव आंबटसर लागते. फुले अधिक हवी असतील, तर मात्र फळ धरू न देता सुकलेले फूल लगेच खुडावे.