पन्नास पानांवर मिटू नकोस

भाऊ, फँटसीची सुरुवात दहा खंडांच्या मालिकेने करू नकोस. सुझॅना क्लार्कची ‘पिरानेसी’ (२०२०) घे. अफाट दालनांचं घर, खालच्या दालनांत समुद्र. पहिली पन्नास पानं नीट उमगणार नाहीत, कारण सांगणाऱ्यालाच ते घर म्हणजे अख्खं जग वाटतं. तिथे मिटू नकोस. मला ती जादूपेक्षा एकटेपणाची गोष्ट वाटली, आणि त्या माणसाचा भाबडेपणा अजून मनातून जात नाही. बायकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठीचं विमेन्स प्राइझ २०२१ साली तिला मिळालं, योग्यच झालं.

मग फँटसी सोडून आपल्या सांगवीच्या नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) ही कादंबरी. जाड आहे, रोज थोडी वाच. तिच्या नायकाचं, खंडेरावाचं, मोरगाव आपल्या खानदेशातल्यांना लगेच ओळखीचं वाटतं. जळगावला आलास की माझी प्रत ने, पेन्सिलीच्या खुणांसकट.