विचारा बाईंना : तक्ता पाठ, तरी वाक्य चुकतंच

प्रश्न : नमस्कार बाई. माझी मुलगी मराठी शाळेत नववीला आहे, पुढच्या वर्षी एसएसएलसी. सरांनी अनियमित क्रियापदांचा भलामोठा तक्ता दिलाय. रोज रात्री घोकते. ‘गो, वेंट, गॉन’ झोपेतसुद्धा सांगेल. पण निबंधात मात्र ‘आय डिड नॉट वेंट’ आणि ‘शी टीच्ड मी’. आम्हा दोघांना इंग्रजीचा गंध नाही. काय करावं?
– एक आई, नंदगड, ता. खानापूर

उत्तर : ताई, तुम्ही कळवलेल्या दोन चुका एका जातीच्या नाहीत.

‘टीच्ड’ची मला काळजी वाटत नाही. शेवटी ‘एड’ लावायचा नियम मुलीला कळलाय आणि ती तो जरा जास्तच चालवतेय, एवढंच. खुद्द इंग्रजांची लहान पोरं ‘गोएड’ म्हणत मोठी होतात. आपली नाही का ‘मी करलं’ म्हणत?

‘डिड नॉट वेंट’ मात्र खास आपलं दुखणं. आपण ‘गेले नाही’ म्हणतो. नकार आला तरी भूतकाळ क्रियापदातच राहतो. इंग्रजीत ‘बी’ (वॉज, वेअर) सोडलं तर नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळाचा भार ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात परत येतं. तक्त्यात ‘वेंट’ एकटाच उभा असतो, त्यामुळे कितीही घोकलं तरी ही खोड जात नाही. म्हणून ‘बी’ सोडून प्रत्येक क्रियापदाची तीन वाक्यं करायला लावा. ‘आय वेंट टु खानापूर. आय डिड नॉट गो टु बेळगाव. डिड यू गो?’ मोठ्याने म्हणू दे. तुम्ही स्वयंपाक करता करता ऐका. ‘डिड’ नंतर ‘वेंट’ आलं की टोका. तेवढ्याला इंग्रजी यावं लागत नाही.

आता तक्त्याबद्दल. तो एबीसीडीप्रमाणे असणार, म्हणजे सुरुवातीलाच ‘अबाइड’ आणि ‘अराइज’. नववीच्या पोरीला निबंधात ‘अबाइड’ कधी लागणार, देव जाणे! अनियमितपणा टिकतो तो रोजच्या तोंडातल्या क्रियापदांत. ‘बी, हॅव, डू, से, गो, कम, टेक, सी’ – सगळी वाकडी. कमी वापरातली बरीचशी हळूहळू नियमाच्या रांगेत गेली, आणि ‘गूगल’सारखं नवं क्रियापद आलं की मुकाट ‘एड’ घेतं. तेव्हा आधी रोजची पंचवीस-तीस पक्की करा.

आणि तुमची मुलगी या कामात नवखी नाही. बाजारात कन्नड बोलतच असेल की. ‘माडु’चं ‘माडिद’, ‘नोडु’चं ‘नोडिद’ सरळ. पण ‘कोडु’चं ‘कोट्ट’, ‘बरु’चं ‘बंद’, ‘होगु’चं ‘होद’. मराठीत ‘बस’चं ‘बसला’, पण ‘जा’चं ‘गेला’. याचा तक्ता कुणी दिला होता तिला? वाक्यांतूनच आलं ना?

बाकीची क्रियापदं नादाने लावावीत. ‘कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट’ एका पानावर. ‘सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक’ दुसऱ्या. ‘ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट’ यांना तिसरं पान, आणि ‘टीच-टॉट’ तिथेच बसवा. मात्र तिथं स्पेलिंग लिहूनच घ्या : ‘ब्रॉट’मध्ये ‘ओयू’, ‘टॉट’मध्ये ‘एयू’. कानाला सारखं लागतं, गुण तिथेच जातात. ‘कट, पुट, शट, हर्ट’ बदलतच नाहीत, ती फुकटची. ‘रीड’ तेवढं लबाड : लिहायला तिन्ही रूपं सारखी, वाचताना ‘रीड, रेड, रेड’.

सरांचा तक्ता फाडू नका हो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नजर फिरवायला उपयोगी पडेल.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये ‘लर्न्ट’ लिहिलं की संगणक खाली लाल रेघ मारतो. साहेब म्हणतात ‘लर्न्ड’ लिहा. बरोबर काय?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : दोन्ही. अमेरिकेत ‘लर्न्ड’च चालतं, ब्रिटनमध्ये दोन्ही. तुमच्या संगणकात अमेरिकन इंग्रजी लावलेलं असणार. भाषेच्या सेटिंगमध्ये भारत किंवा ब्रिटन निवडा, रेघ जाईल. ‘ड्रीम’ आणि ‘स्पेल’चंही असंच. एका मेलमध्ये एकच पद्धत ठेवा, आणि पगार साहेबांच्या सहीने होत असेल तर त्यांची ठेवा. पण ही मुभा ‘स्लीप’ला नाही हं. ‘स्लीप्ड’ दोन्ही देशांत चूकच.