पाडव्याला घेतलेली गाडी आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न : ताई, मी ३२ वर्षं एसटीत चालक होतो. निवृत्तीच्या पैशातून ९ एप्रिल २०२४ ला, पाडव्याच्या मुहूर्तावर, पुण्यातून ९ लाख ४० हजारांची गाडी घेतली. अडीच महिन्यांतच दुसरा गिअर सटकायला लागला. चढाला गाडी दुसऱ्यात टाकली की खट्‌कन न्यूट्रलला येते. २२ जून २०२४ ला पहिल्यांदा वर्कशॉपला नेली, आजवर नऊ खेपा झाल्या. दोनदा गिअरबॉक्स उतरवला. दरवेळी 'काका, आता बघा, एकदम मक्खन' म्हणतात आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. आता सांगतात, वॉरंटी एप्रिल २०२७ पर्यंत आहे, घाई कसली, मार्चनंतर कंपनीचा इंजिनिअर येईल. मुलगा म्हणतो केस करू. मी म्हणतो वॉरंटी आहे तोवर थांबू. कोणाचं बरोबर? आणि केस केली तर पुण्याला हेलपाटे घालावे लागतील का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. आणि तो इंजिनिअर यायच्या आत ग्राहक आयोगात तुमची तक्रार दाखल झालेली असायला हवी.

वॉरंटी कंपनीच्या पुस्तिकेत असते. तक्रारीची मुदत ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ मध्ये आहे: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. वॉरंटी पाच वर्षांची असली तरी दोष तुम्हाला पहिल्या वर्षी कळला असेल, तर घड्याळ तेव्हापासून चालू झालेलं असतं. तुमच्या बाबतीत ते फार तर २२ जून २०२४ ला सुरू झालं असं म्हणता येईल, म्हणजे दोन वर्षं यंदाच्या जूनमध्ये भरतात. पण समोरचा वकील उभा राहून 'दोष होता तर तो गाडी ताब्यात दिली त्या दिवसापासूनच होता' असा मुद्दा काढू शकतो. तो वादच नको. मी तारीख नेहमी सर्वांत आधीच्या दिवसापासून मोजते. त्या हिशेबानं तुमची दोन वर्षं ९ एप्रिल २०२६ ला भरतात. यंदाचा पाडवा १९ मार्चला आहे, कायदा मात्र तिथी पाहत नाही, कॅलेंडर पाहतो. तुम्ही पाडव्याच्या आधीच तक्रार दाखल करून मोकळे व्हा.

नऊ खेपा झाल्या म्हणजे प्रत्येक खेपेला नवी मुदत मिळाली, असं बरेच जण समजतात. दुरुस्ती सुरूच होती म्हणून कारणही सुरूच होतं, असा युक्तिवाद करता येतो आणि काही प्रकरणांत तो मान्यही झाला आहे. पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं की नुसता पत्रव्यवहार करत राहिल्यानं गेलेली मुदत परत येत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात असंही सांगितलं की समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी आयोगाला तो स्वतःहून तपासावाच लागतो. वकिलाची नोटीस पाठवली किंवा १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तरीही घड्याळ थांबत नाही. थांबतं ते फक्त आयोगात तक्रार दाखल झाल्यावर.

हे मी इतकं आग्रहानं का सांगते आहे? माझ्या वडिलांनी १९९६ साली ट्रॅक्टर घेतला होता. त्याची हायड्रॉलिक लिफ्ट नांगर धरून ठेवत नसे. बांधाशी वळायला लागलं की नांगर आपोआप खाली बसायचा आणि बांध उकरायचा. वडील तीन वर्षं विक्रेत्याच्या दारात जात राहिले. माणूस गोड बोलायचा, चहा पाजायचा, 'पुढच्या हंगामाआधी करून देतो' म्हणायचा. सगळ्या पावत्या सुतळीनं बांधलेल्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या, एकही हरवली नव्हती. ग्राहक मंचात, म्हणजे आजच्या ग्राहक आयोगात, गेले तेव्हा पहिल्याच तारखांना प्रकरण मुदतबाह्य ठरलं. पिशवीची सुतळी सोडायचीही वेळ आली नाही. आज माझ्याकडे कोणी गाडीची तक्रार घेऊन आलं, की बसायला सांगण्याआधी मी तारीख विचारते.

आता तुमची कागदपत्रं. तुम्ही पाठवलेल्या जॉबकार्डांच्या, म्हणजे वर्कशॉपच्या दुरुस्ती-नोंदींच्या, झेरॉक्स मी एकेक करून वाचल्या. पहिल्या दोन्हींवर 'सेकंड गिअर स्लिप' असं स्वच्छ लिहिलं आहे. तिसऱ्यापासून त्याच रकान्यात 'जनरल चेकअप' आलं. सहाव्यावर 'नॉइज नॉर्मल'. आणि प्रत्येकाच्या तळाशी, काम समाधानकारक झालं या छापील ओळीखाली, तुमची सही. गाडी न्यायची घाई असते, किल्ली समोर ठेवलेली असते, माणूस सही करतो. मला तुमचा राग नाही, पण हीच सही उद्या तुमच्यासमोर धरतील. म्हणून दहावी खेप याच आठवड्यात करा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'चढावर दुसरा गिअर आपोआप सुटतो, २२ जून २०२४ पासून'. किलोमीटरचा आकडा लिहिला आहे ना, ते पाहा. सुपरवायझरला शेजारी बसवून चढावर गाडी चालवा. मुलाला मागे बसवून मोबाइलवर चित्रण करू द्या. आणि गाडी परत घेताना सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: 'दोष कायम आहे'. त्याच दिवशी हे सगळं विक्रेता आणि कंपनी दोघांनाही ईमेलनं कळवा.

पुण्याला जायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांच्या आत असली की प्रकरण जिल्ह्यातच चालतं. ५ ते १० लाखांच्या खरेदीला शुल्क आहे २०० रुपये. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल करता येतं आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. विक्रेता आणि उत्पादक, दोघांनाही पक्षकार करा, पण उत्पादकाचं नुसतं नाव घालू नका, त्याची चूक काय तेही लिहा. गोव्यातल्या एका खरेदीदाराला विक्रेत्यानं जुनी, वापरलेली गाडी नवी म्हणून विकली होती. तिथं उत्पादकाविरुद्ध ठोस आरोप नव्हता, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये उत्पादकाला जबाबदारीतून मोकळं केलं.

मागणी काय करायची? गाडी बदलून द्या किंवा पैसे परत द्या, ही मुख्य मागणी. 'ते न झाल्यास नवा गिअरबॉक्स आणि भरपाई' ही पर्यायी मागणीही जरूर घाला. एखादा भाग बदलून काम भागत असेल तर सगळी गाडी बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये क्लचच्या एका प्रकरणात घेतली आहे. दोष निर्मितीतलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालानं दाखवावं लागतं. ३२ वर्षं घाट चढलेल्या चालकाच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे, शपथपत्रात तो अनुभव लिहाच. तरी कलम ३८ खाली गाडीची तांत्रिक तपासणी करून घेण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागेल. नोटीस मिळाल्यावर समोरच्यांनाही मुदत आहेच: ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला ठरवलं आहे.

मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण योग्य कारण पुराव्यानिशी दाखवावं लागतं आणि आयोगाला माफीची कारणं लेखी नोंदवावी लागतात. 'ते करतो म्हणाले म्हणून थांबलो' हे कारण मी अनेकदा फेटाळलेलं पाहिलं आहे. तुमच्यावर ती वेळ अजून आलेली नाही.

प्रश्न : आमची गाडी मार्च २०२१ ची. ऑक्टोबर २०२५ मध्ये समोरून जोरात धडक बसली, पण एकही एअरबॅग उघडली नाही. माझ्या पतींच्या छातीला मार लागला. शोरूमवाले म्हणतात, खरेदीला दोन वर्षं कधीच उलटली, आता काही होणार नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : त्यांचं ऐकू नका. एअरबॅग बिघडलेली आहे हे धडक बसेपर्यंत कोणालाच कळू शकत नाही. ह्युंदाईच्या अशाच एका प्रकरणात गाडी ऑगस्ट २०१५ मध्ये घेतली होती, अपघात नोव्हेंबर २०१७ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयानं २० एप्रिल २०२२ च्या निकालात म्हटलं, की दोष उघड झाला त्या दिवसापासून मुदत मोजायची. गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम ठेवला. म्हणजे तुमच्याकडे ऑक्टोबर २०२७ पर्यंत वेळ आहे.

घाई मात्र दुसऱ्या गोष्टीची आहे. गाडी अजून गॅरेजमध्ये उभी आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ती दुरुस्त करू देऊ नका, भंगारातही देऊ नका, एअरबॅगचं कंट्रोल युनिट कोणाला काढू देऊ नका. तसं गॅरेज आणि विमा कंपनी दोघांनाही आजच लेखी कळवा. पुढच्या भागाचे सगळ्या बाजूंनी फोटो, पोलिसांचा पंचनामा, विमा सर्व्हेअरचा अहवाल आणि दवाखान्याची कागदपत्रं एकत्र करा. 'धडक पुरेशी जोरात नव्हती, सेन्सरला तेवढा दाब मिळाला नाही' असं उत्पादक सांगेल, आणि त्यावर त्याच निकालात उत्तर आहे: वेग आणि बलाची गणितं मांडून धडकेचा हिशेब करणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ ग्राहकानं असावं, अशी अपेक्षा नाही.