वाचकांचे प्रश्न : घरातले आजारपण आणि सांभाळणाऱ्याची शिल्लक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे घरातल्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांची आहेत. विषय एकच असल्याने त्यांना एकत्र उत्तरे देत आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ४७. एका खासगी कंपनीत आठ वर्षे नोकरी करते. अविवाहित आहे आणि कोथरूडला आईसोबत राहते. आई ७४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दीड वर्षापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू अधू झाली. दिवसा बारा तास रुग्णसेवेची माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी असतात. त्या आल्या नाहीत की माझी रजा जाते. आईला दरमहा ३१ हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते आणि तिच्या नावावर १८ लाखांच्या ठेवी आहेत. तो तिच्या कष्टाचा पैसा आहे, म्हणून निवृत्तिवेतनातून मी फक्त औषधे आणते आणि ठेवींना हातही लावत नाही. माझ्या हाती ६२ हजार पगार येतो, पण महिनाअखेर काही उरत नाही. भाऊ बंगळूरला असतो, जमेल तसे पैसे पाठवतो. नोकरी सोडून घरीच राहावे का? गेल्या महिन्याच्या हिशेबाच्या वहीचे पान सोबत जोडले आहे.

उत्तर : तुमच्या पत्रापेक्षा वहीचे पानच अधिक बोलके आहे. दुधाचे बिल आणि महावितरणचे बिल यांच्या मधोमध ‘डायपर, लार्ज, ४ पुड्या’ अशी नोंद आहे. त्याखाली ‘फिजिओ’, मग कोथिंबीर आणि आले, आणि अगदी शेवटी ‘मावशींना उचल’ असे लिहून पुढची रक्कम कोरी सोडलेली आहे. आईचा खर्च, घरखर्च आणि तुमचा स्वतःचा खर्च एकाच रकान्यात मिसळल्यामुळे आजारपणाला नेमके किती लागते, हे तुम्हाला आजवर दिसलेलेच नाही. म्हणून पहिले काम वही दुभंगण्याचे: आईची वही वेगळी आणि आईचे खाते वेगळे.

त्या पानावरून मी मांडलेला आईचा महिन्याचा खर्च असा आहे: मावशींचे १७ हजार, औषधांचे साडेसहा हजार, डायपर व अंडरपॅडचे साडेचार हजार, फिजिओथेरपीचे चार हजार, आणि तपासण्या, डॉक्टरांची फी व रिक्षा मिळून सरासरी अडीच हजार. हे साडेचौतीस हजार झाले. जेवणखाण आणि विजेतला तिचा वाटा सहा हजार धरला, तर एकूण साडेचाळीस हजार होतात. त्यातून निवृत्तिवेतन वजा केले की तूट उरते फक्त साडेनऊ हजारांची. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आईच्या नावाने १५ लाख रुपये ठेवले, तर २०२५-२६ मधील ८.२ टक्के दराने वर्षाला १ लाख २३ हजार, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार व्याज येते. तूट तिथेच भरून निघते आणि उरलेले ३ लाख अचानक दवाखान्यात न्यावे लागले तर हाताशी राहतात. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला जमा होत असल्याने मधल्या महिन्यांसाठी बचत खात्यात थोडी रक्कम ठेवावी लागेल. या योजनेत संयुक्त खाते फक्त पती-पत्नींना उघडता येते. तुम्हाला नॉमिनी म्हणून नोंदवता येईल, सहखातेदार होता येणार नाही.

मावशींचे दर वाढत जाणार, हे गृहीतच धरा. दर वर्षाला आठ टक्क्यांनी वाढत गेले, तर नऊ वर्षांत ते दुप्पट होतात. निवृत्तिवेतनावर महागाईभत्ता वाढतो, पण ठेवीचे व्याज पाच वर्षे तेवढेच राहते. त्यामुळे पुढे कधीतरी मुद्दलाला हात लावावा लागेल, आणि तो खुशाल लावावा. आईने आयुष्यभर साठवलेला पैसा तिच्या आजारपणाला वापरणे यात कोणतेही पाप नाही. उलट तिची ठेव अखंड ठेवण्यासाठी तुम्ही स्वतःचे म्हातारपण मोडीत काढत आहात. ती ठेव पुढे दोन्ही भावंडांत वाटली जाईल, तुमचा खर्च झालेला पगार मात्र कोणीही परत देणार नाही.

नोकरी सोडल्याने वाचतात मावशींचे १७ हजार आणि जातात ६२ हजार. त्याशिवाय भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा थांबतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते आणि तुमची आठ झाली आहेत. कंपनीच्या गटविम्यात आईचे नाव असेल तर तेही संरक्षण नोकरीबरोबर जाईल, आणि पक्षाघात झालेल्या ७४ वर्षांच्या व्यक्तीसाठी नवा विमा मिळवणे किती अवघड आणि किती महाग पडते, ते कोणत्याही विमा एजंटाला विचारून पाहा. नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ब्यूरोकडून बदली मावशींचा दर आधीच ठरवून घ्यावा आणि महिन्याला तीन-चार दिवसांचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवावेत. एका दिवसाच्या रजेपेक्षा ते स्वस्त पडते. आठवड्यातून दोन रात्री कोणी येणार असेल, तर त्याचा खर्चही आईच्या पैशातून करण्यात संकोच नसावा. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, फाउलर बेड (डोक्याची व पायाची बाजू वरखाली करता येणारी खाट) या वस्तू विकत घेण्याची घाई करू नये. पुण्यात अनेक सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. अनामत भरून या वस्तू नाममात्र भाड्याने मिळतात.

आता बँकेविषयी. उजवा हात अधू झाल्यावर सही जुळत नाही आणि काउंटरवरून माणूस परत पाठवला जातो, हे घरोघरी घडते. सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमोर घेतलेला अंगठा बँकांनी स्वीकारावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. तरी आईची समज शाबूत आहे तोवरच तिचे निवृत्तिवेतनाचे खाते तुमच्यासह ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने चालवता येईल का, ते बँकेत विचारून करून घ्यावे. केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नये. ते देणाऱ्याची समजण्याची क्षमता गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्राचे बळही जाते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मात्र आता मोबाइलवर चेहऱ्याची ओळख पटवून घरबसल्या देता येतो.

भावाचे ‘जमेल तसे’ हे शब्द अंदाजपत्रकात बसत नाहीत. मावशींच्या पगाराचा ठरावीक भाग त्यांनी दर महिन्याच्या पाच तारखेला आईच्या खात्यात टाकावा, असे सुचवा, आणि दर तीन महिन्यांनी त्या खात्याचा एक पानी हिशेब त्यांना पाठवा. भावाने बहिणीला किंवा मुलाने आईला दिलेल्या रकमेवर कर लागत नाही. सहखातेदार असलात, तरी आईच्या पश्चात त्या पैशावर सर्व कायदेशीर वारसांचा हक्क असतो. म्हणून तो हिशेब तुमच्याच संरक्षणासाठी आहे.

आईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, योजनेतील रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घरात या वयाचे दोघे असतील, तर मर्यादा दोघांत मिळून असते. मावशी, डायपर आणि घरचा फिजिओ यांपैकी कशाचाही खर्च त्यातून निघत नाही.

प्रश्न : वय ६१, निवृत्त, सिंहगड रस्त्यावर राहतो. पत्नी ५७ वर्षांची असून तिला सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. तिची सर्व देखभाल मीच करतो. बँकेपेक्षा व्याज जास्त म्हणून २२ लाख रुपये एका पतसंस्थेत ठेवले आहेत. धायरीला एक छोटा फ्लॅट आहे, त्याचे १४ हजार भाडे येते. फ्लॅटला ४५ लाख मिळतील, असे एजंट म्हणतो. विकावा का? आणि पार्किन्सन्ससाठी आयकरात सवलत मिळते, असे ऐकले. ती कशी घ्यावी?

उत्तर : आधी पतसंस्था, फ्लॅट नंतर. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण असते. सहकारी बँकांनाही ते आहे, पतसंस्थांना नाही. एखाद्या टक्क्याच्या वाढीव व्याजासाठी आजारी पत्नीच्या औषधपाण्याचे सगळे पैसे विनासंरक्षण ठेवणे मला पटत नाही. ठेवी मुदत संपेल तशा काढून घ्याव्यात. तुम्ही साठ ओलांडलेले असल्याने ज्येष्ठ नागरिक योजनेत तुमच्या नावाने ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि पत्नीला त्यात सहखातेदार करता येते.

फ्लॅटचे भाडे वर्षाला १ लाख ६८ हजार होते, म्हणजे ४५ लाखांवर पावणेचार टक्क्यांहूनही कमी, आणि त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स व मालमत्ता कर जायचा आहे. शिवाय दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू, नवा करारनामा आणि गळक्या नळासाठी धायरीपर्यंत फेरी, हे सगळे पत्नीला घरी एकटे ठेवून. व्याजाचे उत्पन्न याच्या जवळजवळ दुप्पट होईल. घराची किंमत वाढत राहील, हा आक्षेप खरा आहे, पण वाढलेल्या किमतीतून दर महिन्याला मदतनिसाचे पैसे देता येत नाहीत. पुढच्या दोन वर्षांत पूर्णवेळ माणूस ठेवावा लागेल, असे डॉक्टरांचे मत असेल तर विकावा. तसे नसेल तर थांबायला हरकत नाही. विकण्यापूर्वी भांडवली नफ्यावरील कराचा आकडा सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के, यांपैकी जो कर कमी येईल तो लागू होतो.

सवलतीविषयी थोडक्यात सांगतो. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट, जी आजवर ८०डीडीबी या नावाने ओळखली गेली, तिच्यात पार्किन्सन्स येतो. रुग्ण साठीच्या आतला असल्याने मर्यादा ४० हजारांची, आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन लागते. मात्र ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच नसल्याने तुम्हाला तिची गरज पडणार नाही. भांडवली नफ्याला मात्र ही सूट नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट लिहिणे भाग आहे. तुमच्या सगळ्या योजनेत तुम्ही स्वतः कायम धडधाकट आहात, असे धरलेले दिसते. तुम्हाला पंधरा दिवस रुग्णालयात राहावे लागले, तर पत्नीच्या गोळ्या वेळेवर कोण देणार? पार्किन्सन्समध्ये गोळीची वेळ चुकली की अंग आखडते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तुमचा स्वतःचा आरोग्यविमा आणि अशा काळासाठी दीड-दोन महिन्यांच्या पूर्णवेळ मदतनिसाची रक्कम या दोन तरतुदी फ्लॅटच्या निर्णयाआधी कराव्यात. गोळ्यांचे वेळापत्रक, खात्यांची यादी आणि डॉक्टरांचा क्रमांक एका कागदावर लिहून तो शेजाऱ्यांना व जवळच्या नातेवाइकाला दाखवून ठेवावा.

प्रश्न : मी गृहिणी आहे, वय ४२. सासूबाई चार वर्षांपासून अंथरुणावर आहेत, पण बुद्धी तल्लख आहे. त्यांचे सगळे मीच करते. ‘हे सदाशिव पेठेतले घर तुझेच आहे’ असे त्या सर्वांसमोर म्हणतात. घर त्यांच्या एकटीच्या नावावर आहे. दोन नणंदा आहेत. माझ्या नावावर काहीच नाही. मी काय करावे?

उत्तर : सासूबाईंचा शब्द मोलाचा आहे, पण मालमत्तेच्या कागदावर त्याने काही बदलत नाही. हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर स्त्रीची मालमत्ता प्रथम तिची मुले, मुली आणि पती यांच्याकडे जाते. सून त्या यादीत नाही. म्हणजे तुमच्या पतीला वाटा मिळेल, नणंदांना मिळेल, तुम्हाला स्वतःला मिळणार नाही.

मृत्युपत्राचा विषय सुनेने काढला की घरात वादळ उठते, म्हणून तो तुमच्या पतीने काढावा आणि नणंदांच्या उपस्थितीत काढावा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ते लाभार्थी किंवा त्यांचे पती-पत्नी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून अधिकारी घरी येऊ शकतात. त्याच दिवशीचे, सासूबाई पूर्ण शुद्धीत असल्याचे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले तर पुढचे वाद बरेचसे टळतात. पूर्ण घर तुमच्या नावे होईल, असे गृहीत धरू नका. हयातभर राहण्याचा हक्क किंवा एखादा हिस्सा एवढे लिहिले गेले तरी ते तोंडी आश्वासनापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

घराचा निकाल काहीही लागो, तुमच्या नावाने सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते याच महिन्यात उघडा. वर्षाला किमान ५०० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षांची असते आणि व्याज करमुक्त असते. पतीने तुमच्या खात्यात पैसे भरले, तरी त्यावर कर वाढत नाही. दरमहा पाच हजार रुपये भरत गेलात, तर २०२५-२६ मधील ७.१ टक्के दर कायम धरून १५ वर्षांनी सुमारे सोळा लाख होतात. पतीला हे सांगताना ‘हातखर्चाला द्या’ असे म्हणू नका. सासूबाईंसाठी बारा तासांच्या मावशी ठेवल्या असत्या तर ब्यूरोला महिन्याला किती द्यावे लागले असते, तो आकडा फोन करून विचारा आणि कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा; त्यातले पाच हजार तुमच्या खात्यात भरायला ते सहसा नाही म्हणणार नाहीत.