‘कॉल्ले’ म्हणजे टेकडी की खिंड?

‘कॉल्ले’ या इटालियन शब्दाविषयी एका वाचकाने प्रश्न विचारला आहे: रोममधील ‘कॉल्ले ओप्पिओ’ ही टेकडी आहे, मग आल्प्समधील ‘कॉल्ले दी तेन्दा’ ही खिंड कशी? दोन्ही अर्थ बरोबर आहेत. मात्र एका अर्थापासून दुसरा निघालेला नाही. सी-ओ-डबल एल-ई या एकाच लेखनात दोन वेगळे शब्द येऊन मिळाले आहेत.

टेकडी या अर्थाचा ‘कॉल्ले’ हा लॅटिन ‘कोल्लिस’पासून आला. खिंडीचा ‘कॉल्ले’ मात्र ‘कोल्लुम’, म्हणजे मान, या लॅटिन शब्दाकडे जातो. फ्रेंचमधील ‘कॉल’ त्याच कुळातला. हा दुसरा शब्द मुख्यतः पश्चिम आल्प्समध्ये आढळतो. ‘कॉल्ले दी तेन्दा’ ही सुमारे १,८७० मीटर उंचीवरील खिंड इटलीतील कूनेओच्या परिसराला फ्रान्सशी जोडते. पूर्वेकडे गेले की खिंडीला बहुधा ‘पास्सो’ म्हणतात, जसे ‘पास्सो देल्लो स्तेल्व्हिओ’. म्हणून नकाशावर ‘कॉल्ले’ दिसला, तर आधी प्रदेश पाहावा आणि मगच टेकडी की खिंड ते ठरवावे.

टेकडीसाठी रोजच्या बोलण्यातला शब्द मात्र ‘कोल्लीना’ हा आहे. तो स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘कोल्लीने’ होते. ‘इन कोल्लीना’ म्हटले की एखादी विशिष्ट टेकडी नव्हे, तर सगळा टेकड्यांचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. इटलीच्या सरकारी वर्गीकरणातही ‘कोल्लीना’ हा मैदान आणि पर्वत यांच्यामधला उंचीचा पट्टा असून देशाचा सुमारे ४२ टक्के भूभाग त्यात मोडतो. पुल्लिंगी ‘कॉल्ले’ मुख्यतः स्थळनामांत व काव्यात टिकून आहे. इटालियन कवी लेओपार्दीने १८१९ मध्ये लिहिलेल्या ‘लिन्फिनीतो’ या कवितेच्या पहिल्याच ओळीत त्याच्या रेकानाती या गावची एकाकी टेकडी येते ती ‘कॉल्ले’ म्हणूनच, आणि माझ्या मते तिथे ‘कोल्लीना’ शोभलीही नसती. ‘कॉल्ले’चे अनेकवचन ‘कॉल्ली’ होते; मान या अर्थाच्या ‘कॉल्लो’चेही तेच होत असल्यामुळे संदर्भ सोडून अर्थ लावू नये.

इटालियन वृत्तपत्रांत मोठ्या ‘सी’ने लिहिलेला ‘इल कॉल्ले’ म्हणजे रोममधील क्विरिनाल टेकडीवरील राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, आणि पर्यायाने राष्ट्राध्यक्षच. पंतप्रधान ‘कॉल्लेवर चढले’ अशी बातमी असेल, तर ते राष्ट्राध्यक्षांच्या भेटीला गेले, असे समजावे. देवनागरीत मोठे अक्षर नसल्याने अशा ठिकाणी ‘टेकडी’ न लिहिता थेट ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहिणेच योग्य.