आधी निर्गम उतारा आण

प्रिय वकीलबाई,

पत्र मिळालं. त्यात तू पोराचं नाव, चाळ, शाळा, सगळं लिहिलंस. ते पान मी फाडून टाकलं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ फक्त पेपरवाल्यांसाठी आहे असं समजू नकोस. यापुढे माझ्याशी बोलतानाही 'दिघ्याचा मुलगा', बस.

सावत्र बापाने पाच वर्षं मारलं, नको ते केलं, आणि एका रात्री पोराने तो झोपलेला असताना डोक्यात वरवंटा घातला. तू विचारतेस, शिक्षेच्या वेळी दया मागताना काय मांडू? अगं, शिक्षेपर्यंत थांबतेस कशाला? अत्याचार सोसलेल्या मुलाने अत्याचार करणाऱ्यालाच मारलं तर शिक्षेत सूट द्या, असं सांगणारं वेगळं कलम आपल्याकडे नाही. असायला हवं असं माझं मत आहे, पण बाल न्याय मंडळासमोर (अठराच्या आतल्या आरोपींचं प्रकरण तिथेच चालतं) माझ्या मताला कोर्ट नाक्यावरच्या कटिंगइतकीही किंमत नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी आहे, आणि त्यातलं बरंचसं सुरुवातीलाच वापरावं लागतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकले. सतरा वर्षांची एक मुलगी होती, चुलत्याला मारल्याचा आरोप. मे महिन्याचा उकाडा, पंख्याखाली आम्ही सगळे घामाघूम, आणि ही पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमध्ये. दर तारखेला. मला वाटलं, घरचं वळण. केस मोठ्यांसारखी चालली, दोषी ठरली, आणि शिक्षेच्या युक्तिवादाच्या आदल्या दिवशी पाणी पिताना तिची बाही कोपरापर्यंत सरकली. उलथन्याच्या चटक्यांचे डाग, एकाखाली एक, जुने आणि नवे. दुसऱ्या दिवशी मी ते सांगितलं तेव्हा न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "मॅडम, आज?" एकही केस पेपर माझ्याकडे नव्हता.

म्हणून आधी कागद. महापालिकेच्या दवाखान्याचे केस पेपर, शाळेचा हजेरीपट (मार खाल्ल्यावर पोरं दोन-तीन दिवस शाळेत दिसत नाहीत), आईने कधी पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली असेल तर तिची नक्कल, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कुणी फोन केला होता का ते. परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) पोराच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्याला आधी भेट. शेजारी कोण काय बोलेल, हे तुला माहीत असेल, त्याला नसेल. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: मेलेल्या माणसावर पोक्सोचा, म्हणजे बाललैंगिक अत्याचाराचा, खटला चालत नाही. त्या पोराच्या पाच वर्षांची नोंद व्हायची असेल तर ती तुझ्याच फाइलीत होईल.

आता वय. 'सोळा पूर्ण, आधारवर १ जून' असं तू लिहितेस. १ जून! हेडमास्तरांनी वाटलेली ती तारीख. माझ्या माहेरच्या निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. गावच्या पहिल्या शाळेतून निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातल्या त्याच्या नोंदीची नक्कल) आण, ग्रामपंचायतीत जन्मनोंद सापडते का बघ. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलाय: शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार त्या यादीत नाही. गुन्ह्याच्या दिवशी पोरगा सोळाच्या आत होता असं निघालं तर मोठ्यांसारखं चालवायचा प्रश्नच मिटतो. दोषी ठरला तरी जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात.

सोळाच्या वर निघाला, तर त्याच कायद्याचं कलम १५: मोठ्यांसारखं चालवायचं का, हे त्यावरून ठरतं. खुनाच्या आरोपात मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणामांची समज, आणि कोणत्या परिस्थितीत गुन्हा घडला. नवे वकील पहिल्या दोन मुद्द्यांवरच भांडत बसतात. तुझी केस तिसऱ्यात आहे. इथे एक मेख आहे. पोरगा जितकं नीट, क्रमाने सांगेल, तितकं 'याला सगळं कळत होतं' असं लिहून येण्याची भीती. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकरणात सांगितलंय. तसा अर्ज पहिल्याच तारखेला दे.

राहिलं ते 'झोपेत असताना'. सरकारी वकील यावरच जोर देणार. झोपलेल्या माणसापुढे स्वसंरक्षण टिकवणं अवघड, त्यात वेळ घालवू नकोस. गंभीर आणि अचानक चिथावणीचा अपवाद (त्याने खून सदोष मनुष्यवधावर येतो) घेतलास की समोरून नानावटी खटला येणार, बायकोच्या प्रियकराला मारल्याचा: १९६१ मध्ये न्यायालयाने म्हटलं होतं की राग निवायला जवळपास तीन तास मिळाले होते. पण नानावटी नौदलातला धडधाकट अधिकारी होता, हातात रिव्हॉल्व्हर. चाळीस किलोचं पोर दुप्पट वजनाच्या माणसासमोर जागेपणी काय करणार? ते झोपेचीच वाट बघणार. आमच्या कायद्यातलं 'अचानक' हे मोठ्या पुरुषाच्या रागाच्या मापाने शिवलेलं आहे, असं मला नेहमी वाटतं. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दीर्घकाळ साचलेली चिथावणी मान्य केली, गुवाहाटीने २०१३ मध्ये नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचा खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आणला. दोन्ही खटले बायकांचे, आणि आपल्यावर बंधनकारक नाहीत, तरी वाचून दाखव. आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (खून) वरून १०५ (सदोष मनुष्यवध) वर आला, तर किमान सात वर्षं शिक्षेची अट उरत नाही. मग सर्वोच्च न्यायालयाच्या शिल्पा मित्तल निकालाप्रमाणे (२०२०) तो 'हिनस', म्हणजे अतिगंभीर, गुन्हाच राहत नाही, आणि कलम १५ गळून पडतं.

तू अमेरिकेतल्या सारा क्रुझानचं उदाहरण दिलंस. तिला देहविक्रीला लावणाऱ्या दलालाला तिने गोळी घातली तेव्हा १९९४ मध्ये ती सोळा वर्षांची होती. शिक्षा मरेपर्यंत तुरुंग. सुटली २०१३ मध्ये, गव्हर्नरची माफी २०२२ मध्ये. शेवटी मागितलेली दया किती वर्षांनी पोचते, ते तूच मोज.

आईकडे मात्र सांभाळून जा. फिर्याद तिचीच आहे, मेला तो तिचा नवरा, आत आहे तो तिचा मुलगा. सासरचे रोज येऊन बसत असतील. तिला 'तुम्हाला माहीत नव्हतं का' हा प्रश्न विचारू नकोस, निदान पहिल्या महिन्यात नको. जामीन मिळाला तर पोरगा राहणार कुठे, हे मात्र तिलाच विचार. मामा, मावशी, कुणीही. ते घर नको.

शुक्रवारी पोराला भेटायला भिवंडीला जाशील तेव्हा ठाण्यातून लवकर निघ, कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागते. पहिल्या भेटीत त्या रात्रीबद्दल अवाक्षर काढू नकोस. जेवतोस का, झोप लागते का, वर्गात कितव्या बाकावर बसायचास, एवढंच. आणि निर्गम उतारा मिळाला की व्हॉट्सअॅप करू नकोस. झेरॉक्स घेऊन घरी ये.

तुझ्या मॅडम