पहिला क्रॉसबो कोणता घ्यावा?

प्रश्न: ओहायोत राहतो. हरणाच्या शिकारीसाठी टिकाऊ क्रॉसबो सुचवाल का?

उत्तर: रिकर्व्हच घ्या, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांच्या भुजांना थेट दोरी बांधलेला. कंपाउंड, म्हणजे भुजांच्या टोकांना चाकं असलेला, आटोपशीर असतो, पण बहुतेकांची दोरी बदलायला प्रेस, म्हणजे भुजा दाबून धरणारं यंत्र, लागतो. रिकर्व्हची रानातही बदलता येते. कॅनडाच्या एक्सकॅलिबर कंपनीचे क्रॉसबो त्याच जातीचे.

बाण न लावता दोरी मात्र कधीच सोडू नका. माझ्या मुलाच्या हातून एकदाच तसं झालं. क्रॉसबोच्या भुजेवर केसाएवढी चीर, डोळ्यांना दिसेना, नखाला लागली. त्याच दिवशी तो क्रॉसबो कायमचा बाजूला ठेवला. कंपनीने सांगितलंय त्याहून हलका बाणही नको. तोही भुजांवर तसाच ताण आणतो.

दोरी पिंजल्यासारखी दिसली की मेण चोळा. एखादा धागा तुटलाच असेल, तर मेणाने भागणार नाही, दोरी बदला.